होडी गळते आहे: तलावाकाठच्या उन्हाळी नोंदी

काम: आजोबांची जुनी लाकडी होडी पुन्हा पाण्यात उतरवणे.
मुदत: सुट्टी संपेपर्यंत, म्हणजे जेमतेम तीन आठवडे.
हाताखाली: पुतणी, वय ११. बाकीचे लहर लागेल तसे.
देखरेख: आत्या. तिला कोणी नेमलेलं नाही.

२ मे

काल रात्री उशिरा पोहोचलो. कुलूप गंजलेलं, जळमटं दारापासूनच सुरू, पंप चालू होईना म्हणून तलावातून बादल्या आणल्या. सकाळी उठल्या उठल्या शेडकडे गेलो.

होडी अकरा वर्षं पालथी पडून आहे. लांबी ३.६ मीटर, फुगीर जागी रुंदी १.२ मीटरच्या आसपास. एका बाजूला आठ फळ्या, कडेला कड भिडवून ठोकलेल्या. एकीवर एक चढवलेल्या नाहीत. त्यामुळे बाहेरून अंग गुळगुळीत दिसतं, पण पाणी अडवायचं सगळं काम सांध्यांवर येतं. चौघांनी मिळून ती उन्हात ओढली, पालथीच ठेवली आणि मी तिच्याखाली शिरून आडवा झालो. अंगावर उन्हाच्या रेघा पडल्या. मोजल्या, तेरा निघाल्या. एका फटीतून पुतणीनं वरून नाणं टाकलं, ते थेट माझ्या कपाळावर आलं.

आत्या खुर्ची घेऊन आली, बघितलं, म्हणाली, "पाण्यात टाक आणि चार दिवस तिच्याकडे बघू नकोस."

सल्ला नोंदवून ठेवतो. अमलात आणायचा विचार नाही.

३ मे

टोच्या घेऊन इंच इंच तपासणी. चांगल्या लाकडात टोक अडतं. कुजक्यात ओल्या पुठ्ठ्यात घुसल्यासारखं आत जातं. मागच्या टोकाजवळ तळाच्या फळीचा ४० सेंमीचा तुकडा गेलेला आहे. बाकी सगळं धडधाकट, हे मला स्वतःलाच खरं वाटेना म्हणून दोनदा फिरलो.

तांब्याचे खिळे हिरवे पडलेत, पण घट्ट आहेत. सहा ठिकाणी मात्र लोखंडी स्क्रू. त्यांच्याभोवती लाकूड काळंठिक्कर आणि भुसभुशीत. लोखंड गंजताना शेजारचं लाकूडही खातं, आणि ओलाव्यात तांब्याच्या जवळ बसवलं तर ते स्वतःही दुप्पट घाईनं झिजतं. हे स्क्रू कोणी मारले याचा तपास लागायला फार वेळ लागला नाही. मीच, सोळाव्या वर्षी. मोठ्या ऐटीत आजोबांना दाखवले होते. ते बघून "बरं" एवढंच म्हणाले होते. त्या "बरं"चा अर्थ आज कळला.

४ आणि ५ मे

खरवडणे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं नाही आणि जाळून काढायचं तर मुळीच नाही. ओला पॉलिश पेपर, नाकावर मास्क, खाली ताडपत्री. चुरा पिशव्यांत भरून वेगळा ठेवला. धाकटा भाऊ ताडपत्री तलावात झटकायला निघाला होता, त्याला वेळेत अडवलं.

पुतणीनं एका जागी रंगाचे थर मोजले: सात. सगळ्यात खाली निळा. आत्या म्हणाली, होडी निळी होती तेव्हा ती स्वतः दहा वर्षांची होती. मग ती निळी चकती खरवडायची नाही असं ठरलं. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, आतल्या अंगाला आहे, कोणाला दिसणारही नाही.

६ मे

कुजलेला तुकडा कापून नवा बसवायचा. त्याची टोकं सरळ कापली तर सांधा तिथेच उघडतो, म्हणून जाडीच्या आठपट लांब असा तिरपा उतार काढला, जुन्या फळीलाही तसाच, आणि उतारावर उतार बसवला. रंध्याचं काम छान झालं. त्यानंतरचं नाही.

सकाळचे अकरा, ऊन डोक्यावर. चिकटवायला एपॉक्सी कालवलं, तेही सगळं एकदम, एका खोल डब्यात, कारण पुन्हा पुन्हा कालवायचा कंटाळा. हे रसायन घट्ट होताना स्वतःच तापतं. हवा दहा अंशांनी जास्त गरम असली की घट्ट व्हायचा वेळ साधारण निम्म्यावर येतो, आणि खोल डब्यातली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. आठव्या मिनिटाला डबा हाताला चटके देऊ लागला. दहाव्याला धूर. बाराव्याला प्लॅस्टिक एका कुशीवर वाकलं आणि मी तो चिमट्यानं उचलून वाळूत नेऊन ठेवला. पुतणीनं घड्याळ लावलेलं होतं, त्यामुळे आकडे अचूक आहेत.

दुसरा घाणा संध्याकाळी, सावलीत, पसरट झाकणात, एका वेळी दोन चमचे. बसला.

७ मे

आज जोरात काम झालं. उरलेल्या एपॉक्सीत लाकडाचा भुसा मिसळून दाट लगदा केला आणि तीन सांधे टोकापासून टोकापर्यंत भरून टाकले. वाळल्यावर दगडासारखे. टिचकी मारली तर टणटण वाजतात. आत्याला बोलावून दाखवलं.

"फुगायला जागा ठेवलीस का?" एवढं विचारून ती आत गेली.

रात्री झोप लागेना म्हणून हिशेब केला. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढतं. भिजत भिजत साधारण ३० टक्के ओलाव्यापर्यंत फुगतं. त्यापुढे कितीही भिजवा, फरक नाही. शेडमध्ये सुकलेली आमची फळी १२-१३ टक्क्यांवर असेल. १२ सेंमी रुंद फळी, खोडातून कशी कापली आहे त्यावर अवलंबून, अडीच ते पाच मिलिमीटर वाढणार. अशा आठ फळ्या. म्हणजे एका बाजूला दोन सेंटिमीटरच्या वर, आणि तेवढी जागा त्यांना उघड्या सांध्यांतूनच मिळायची आहे. ती मी दगडानं भरून ठेवली. फळ्या फुगणार, एकमेकींना रेटणार, लगदा दबणार नाही, मग खिळे उपटतील नाहीतर आतल्या बरगड्या तडकतील.

पुतणीला माळ्यावर आजोबांची वही सापडली. निम्मी पानं तलावाच्या खोलीची: कुठे दोरी सोडली, किती हात गेली. बाकी पानांत दरवर्षी मे महिन्यात एकच ओळ. "होडी बुडवली. चार दिवस." पुढच्या वर्षी पुन्हा तीच. त्याच्या पुढच्या वर्षीही.

८ मे

कालचं सगळं उकरलं. पटाशी, हातोडी, नऊ तास. दोन जागी फळीची कड टवका उडून खराब झाली, ती माझ्या खात्यावर. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही. आत्या दिवसभर एक शब्द बोलली नाही, हे जास्त लागलं.

९ मे

योग्य पद्धत: सुताचा सैल पीळ सांध्यात बोथट पटाशीनं हलकेच दाबत जायचा, वरून मऊ पुट्टी, जी वाळूनही लवचीक राहते, आणि तीही काठोकाठ नाही. फळी फुगली की पुट्टी बाहेर फुगवटा काढते, तो नंतर तासता येतो. पीळ किती ठोकायचा हे हातालाच कळतं. पुतणीचा हात माझ्यापेक्षा हलका, तिचे सांधे एकसारखे आलेत. डावी बाजू तिनं केली, उजवी मी. कोणती कोणाची हे सांगावं लागत नाही.

१० मे

होडीला हात लावला नाही, पुट्टी सुकतेय. पण रात्रीची नोंद लांब आहे.

साडेनऊच्या सुमाराला धक्क्यावर पाय सोडून बसलो होतो. पुतणीची विजेरी खांबावर पडली तर तिथे एक मळकट, केसाळ, चारेक सेंटिमीटरचा किडा पाण्यातून वर चढत होता. चतुराचं पिल्लू. हे प्राणी महिनोन्‌महिने, काही जातींत वर्षंही, पाण्याखाली काढतात. खालचा ओठ कोपरात दुमडलेल्या हातासारखा तोंडाखाली घडी घातलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो झटक्यात पुढे फेकतात. पळायचं झालं तर मागून पाण्याची पिचकारी मारून पुढे सरकतात. पुतणीला हा शेवटचा मुद्दा इतका आवडला की बराच वेळ दुसरं काही ऐकूनच घेईना.

खांबावर वीतभर चढून तो थांबला. पाय रोवले, अंगाला दोन हिसके दिले, मग निश्चल. दहा मिनिटांनी पाठीवर, मानेच्या मागे, एक बारीक चीर. चिरेतून फिकट हिरवं काहीतरी फुगत वर आलं. ते डोकं होतं, डोळे आधीच मोठे. मग छाती, पाय. अर्धं अंग बाहेर आल्यावर तो मागे कलला आणि उलटा लोंबकळत राहिला. आम्हाला वाटलं मेला. चांगली पंचवीस मिनिटं तसाच. पाय कडक व्हायची वाट बघत असतो, हे मला माहीत होतं, तरी मलाही वाटलं मेला.

मग एकदम उठाबशी काढल्यासारखा वर आला, स्वतःच्याच रिकाम्या कातीचं डोकं धरलं आणि शेपटीकडचं उरलेलं अंग ओढून काढलं. पंख तोवर पाठीवर चुरगळलेल्या ओल्या कागदाच्या चार बोळ्यांसारखे. बुडाकडून टोकाकडे ते उलगडत गेले, त्यांत अंगातलं द्रव भरत जातं म्हणून. दुधी होते, हळूहळू पारदर्शक झाले. अकरा वाजून गेले. पुतणी माझ्या खांद्यावर झोपली होती, उठवली तर म्हणाली, "उडाला?"

नव्हता उडाला. पहाटे बघितलं तेव्हा खांबावर फक्त कात. चिरेतून बारीक पांढरे धागे बाहेर लोंबत होते: श्वासनलिकांचं अस्तर, तेही कातीबरोबर सोलून निघतं. कात आता खिडकीत ठेवली आहे.

११ मे

बुडवली.

लाकडी होडी बुडवणं वाटतं तितकं सोपं नाही, ती पुन्हा पुन्हा वर येते. गुडघाभर पाण्यात, झाडाच्या सावलीत नेली आणि आत दगड रचत गेलो. एका जागी ढीग केला तर तळाच्या फळ्यांवर ताण येतो, म्हणून पसरून. चौदाव्या दगडाला काठ पाण्याखाली गेला. सांध्यांतून बुडबुड्यांच्या माळा निघत राहिल्या, पंधरा-वीस मिनिटं. शेजारच्या घरातले गृहस्थ बघायला आले, सांत्वन करावं की नाही त्यांना ठरवता येईना.

आत्यानं बघितलं. "बरं," म्हणाली. अगदी आजोबांच्या सुरात.

१२ ते १५ मे

प्रकल्पावर काम: शून्य. होडी पाण्याखाली आहे, तिथे मला काही करण्यासारखं नाही. पहिल्या दिवशी सहा वेळा जाऊन बघून आलो. तिच्यात आता बोटभर मासे फिरतात, मागच्या बसायच्या फळीखाली.

वेळ घालवायला तलाव मोजला. शेजारच्यांची प्लॅस्टिकची होडी उसनी मिळाली. बाटलीला वजन बांधलं, तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी. हव्या त्या खोलीवर नेऊन बुचाची दोरी हिसडली की तिथलं पाणी बाटलीत येतं; झटकन वर ओढून थर्मामीटर बुडवायचा. पृष्ठभागावर २७ अंश. दोन मीटरवर जवळपास तेवढंच. चारवर २५. सहा मीटरवर १९! पुतणी म्हणाली बाटली बिघडली. पुन्हा केलं, पुन्हा १९. आठवर १७.

तर उन्हाळ्यात तलाव एकसंध नसतो, वर एक तलाव आणि खाली एक. वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगतं. (पाणी सगळ्यात जड ४ अंशांना असतं, आपल्याकडचं तळाचं त्यापेक्षा बरंच गरम आहे, तरी वरच्यापेक्षा जड ते जडच.) मधला पट्टा, जिथे दोन मीटरमध्ये सहा अंश उतरले, तोच पडदा. वारा वरचं ढवळतो, पण पडद्याखाली त्याचं काही चालत नाही. त्यामुळे खाली प्राणवायू नव्यानं पोचत नाही, आणि मासेही बहुतेक वरच्याच मजल्यावर राहतात. लहानपणी सूर मारला की एका ठरावीक खोलीला पायांना बर्फ लागायचा, आणि आम्ही तिथे झरा आहे असं छातीठोक सांगायचो. झरा नव्हता.

दुसरं मोजमाप पारदर्शकतेचं. २० सेंमीची चकती, चार पाव भाग करून दोन काळे, दोन पांढरे, मध्ये दोरी. सावलीच्या बाजूनं सोडत जायचं, दिसेनाशी झाली की खूण, वर घेताना पुन्हा दिसली की खूण, दोन्हीची सरासरी. अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पांढऱ्या चकत्या बुडवून हे प्रयोग केले. काळे-पांढरे पाव भाग नंतर आले. इतकी यंत्रं आली तरी तलाव बघणारी माणसं अजून हीच चकती वापरतात. आमची डब्याच्या झाकणाची. १२ तारखेला २.६ मीटर, १५ ला २.१. तीन दिवस वारा नाही, ऊन भयंकर, पाण्यात हिरवी झाक वाढते आहे. कडेला रंग सांडल्यासारखी साय दिसली तर मुलांना पाण्यात सोडायचं नाही असं सगळ्यांना सांगून ठेवलं. निळ्या-हिरव्या शैवालाच्या काही जाती विषारी असतात आणि नुसतं बघून ओळखता येत नाहीत. आपल्या बाजूनं एवढंच: साबणाचं आणि मोरीचं पाणी तलावाकडे जाता कामा नये. मोरीचा पाइप तिकडेच तोंड करून आहे. वेगळा प्रकल्प.

१६ मे

दगड काढले, उपसली, तरंगवली. फटी डोळ्यांना दिसत नाहीत. तरी गळते. लिटरच्या मगानं मोजलं: तासाला ४६ मग.

मी खचलो. आत्या म्हणाली, "भुसा आण." काठीला डबा बांधून त्यात लाकडाचा बारीक भुसा भरला, होडीखाली पाण्यात जिथून गळतं तिथे नेऊन उलटा केला आणि हलवला. पाणी फटीतून आत ओढलं जातं, त्याबरोबर भुसाही, आणि फटीत जाऊन फुगतो. आत बसून बघत होतो: धार, मग थेंबांची रांग, मग ओली रेघ. गळतं ते सगळं उजव्या बाजूनं, हे इथे लिहिलं नसतं तर पुतणीनं लिहिलं असतं.

रात्री पुन्हा बुडवली.

१७ मे

२१ मग. पुन्हा बुडवली.

१८ मे

दुपारपासून कोंदट. तीनला पश्चिमेकडून काळं भरून आलं. मुलं पाण्यात होती. वीज चमकली की आकडे मोजायचे, ही आजोबांची पद्धत; आवाजाला एक किलोमीटर कापायला तीनेक सेकंद लागतात. २४ पर्यंत गेलो आणि गडगडाट आला, म्हणजे आठ किलोमीटर. लांब वाटतं, पण तिसाच्या आत आकडा आला की पाणी सोडायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परतायचं नाही, हा घरचा कायदा आहे. उघड्या तलावावर होडीतलं माणूस हीच सगळ्यात उंच वस्तू असते. थोरल्या भाच्यानं हुज्जत घातली, आत्यानं त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो बाहेर आला.

तासभर वारा आमच्या काठाकडे सुटला होता. बुडवलेली होडी हे सगळ्यात सुरक्षित ठिकाण निघालं; शेजारच्यांची प्लॅस्टिकची झुडपात जाऊन पडली.

खरी मजा वादळ ओसरल्यावर. पाच वाजता वारा पडला, अर्ध्या तासानं धक्क्यावर गेलो तर लाटा निवलेल्या, पण खांबावरची ओली रेघ वरखाली होत होती. फार नाही, बोटाच्या पेरापेक्षा कमी. पुतणीनं एक पाइप आणला. खाली बूच मारून त्याला बारीक भोक पाडलं, म्हणजे बारीक तरंग आत येत नाहीत आणि पाण्याची पातळी तेवढी सावकाश सरकते. आत बुचाचा तरंगता तुकडा, त्यात खोचलेली काडी. पाइप खांबाला बांधून अर्ध्या अर्ध्या मिनिटानं काडीची उंची लिहीत बसलो. वर, खाली, वर, खाली. दोन वरच्या टोकांमधलं अंतर साडेसहा ते सात मिनिटं, दर खेपेला.

वाऱ्यानं पाणी आमच्या टोकाला लोटून ठेवलं होतं. वारा थांबला, पाणी परत गेलं, तिकडच्या टोकाला चढलं, पुन्हा आलं. टबमध्ये हालचाल केली की होतं तेच, तलावाएवढ्या टबात. स्वित्झर्लंडचा फोरेल, ज्यानं तलावांचा अभ्यास हे स्वतंत्र शास्त्र म्हणून उभं केलं, त्यानं जिनिव्हा सरोवराकाठी हेच मोजलं. तिथे एका फेरीला सुमारे ७४ मिनिटं लागतात. आपल्याला त्याचा हिशेब घरबसल्या करता येतो: तलावाच्या लांबीची दुप्पट, भागिले गुरुत्व त्वरण गुणिले खोली याचं वर्गमूळ. लांबी दोन किलोमीटर. सरासरी खोली आजोबांच्या वहीतल्या दोरीच्या मापांवरून काढली, दहा मीटर. उत्तर ४०४ सेकंद, पावणेसात मिनिटं.

पुतणीनं ते दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून त्यांना चौकट केली आहे. मी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसलो होतो. एक माणूस दोरी सोडून हात मोजत बसला, आणि ते आकडे आज इथे बरोबर बसले.

१९ मे

८ मग. रंगाचा एक हात, फक्त पाण्यावर राहणाऱ्या भागाला. रंग पांढरा. निळ्यावर बरीच चर्चा झाली. सध्या शेडमध्ये पांढराच आहे.

२० मे

५ मग. चाचणी. आधी माणसांऐवजी दगड, तीन माणसांच्या वजनाचे. काठ पाण्यापासून २६ सेंमी वर राहिला, पुरे. दोन्ही टोकांना फळीखाली घट्ट झाकणाचे रिकामे डबे बांधले, म्हणजे भरली तरी तळाला जाणार नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यांनाही. उभं राहायचं नाही. उलटली तर होडी सोडायची नाही, काठाकडे पोहायचं नाही, होडीला धरून राहायचं.

सकाळी सहाला मी, पुतणी आणि आत्या. पाणी काचेसारखं, निवळ्या चारी दिशांना पळत होत्या. पहिल्या दहा वल्ह्यांत काठावरच्या, वल्ही अडकवायच्या बेचक्यांची कुरकुर ऐकू आली आणि मला एकदम आजोबांची पाठ दिसली. खरं तर वल्हवणारा तोंड मागे करून बसतो, तेव्हा आम्हाला पाठ दिसायची नाही, चेहराच दिसायचा. पण मला आठवते ती पाठच, कारण मी नेहमी नाळेत बसायचो.

समोरच्या मोठ्या खडकाचा नेम धरून निघालो होतो. शंभर वल्ह्यांनी मान वळवून बघतो तर खडक उजवीकडे राहिलेला आणि आम्ही डावीकडच्या पाणकणसांत चाललोय. सरळ केली. पुन्हा डावीकडे. आत्या हसत होती. लहानपणी आजोबांची होडी नेहमी या पाणकणसांकडेच जायची. आम्ही समजायचो, त्यांना तो काठ आवडतो.

तिथे टिबुकलीचं घरटं दिसलं. घरटं कसलं, पाणकणसांच्या देठांना अडकवलेला कुजक्या पाल्याचा तराफा, पाण्याबरोबर वरखाली होणारा. आमची चाहूल लागताच मादीनं, किंवा नरानं, दोघं सारखेच दिसतात, चोचीनं भराभर चार-सहा ओल्या काड्या अंड्यांवर ओढल्या आणि बुडी मारली. अंडी होती हे त्या आधीच्या क्षणी दिसलं म्हणून कळलं, नाहीतर तो नुसता कचरा. पक्षी पंधरा मीटरवर वर आला, आमच्याकडे बघत राहिला. वल्ही थांबवली, वाऱ्यानं होडी मागे सरकू दिली. त्या भागात पोहायला आणि होडीला बंदी, असं कागदावर लिहून धक्क्याच्या खांबाला लावलं आहे. लाटेनं तराफा भिजायला वेळ लागत नाही.

परत आल्यावर वल्ही जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली. एक २१८ सेंमी, एक २०९. दोघांचा आतला, मुठीकडचा हिस्सा सारखा, ६१ सेंमी. फरक सगळा पाण्याकडच्या हिश्श्यात, १५७ आणि १४८. हात तेवढाच फिरतो, पण आखूड वल्हं पाणी कमी ढकलतं. ते होडीच्या डाव्या बाजूला होतं, म्हणजे वल्हवणाऱ्याच्या उजव्या हातात, आणि होडी तिकडेच वळत जाते.

वल्ह्याच्या लांबीचा एक जुना अडाखा आहे: दोन बेचक्यांमधल्या अंतराचा निम्मा, त्यात पाच सेंमी, हा आतला हिस्सा, आत सात भाग तर बाहेर अठरा. आमच्या बेचक्यांमध्ये ११२ सेंमी. निम्मे ५६, अधिक ५, झाले ६१. एकूण लांबी २१८. म्हणजे लांब वल्हं बरोबर आहे. ज्या माणसानं ते इतकं नेमकं केलं, त्यानं दुसरं नऊ सेंमी आखूड का ठेवावं, हे काही कळेना.

२२ मे

सगळ्यांना फेऱ्या. दिवसात अकरा. पाण्याची पातळी आल्यापासून ११ सेंमी उतरली आहे, धक्क्याची दोरी सैल करून बांधली. आखडून बांधली असती तर होडी एका काठानं लटकली असती. भाच्याला न आवळणारा फासा शिकवला. तीनदा सुटला, चौथ्यांदा बसला.

२३ मे

२ मग. याच्या खाली जाणार नाही आणि जायला नको.

आवरायचं काम: होडी बाहेर, आतून कोरडी पुसून, पालथी, चार ठोकळ्यांवर, खालून हवा खेळेल अशी. शेडमध्ये उन्हाची तिरीप जिथे येत नाही त्या कोपऱ्यात. पुढच्या वर्षी आल्या दिवशीच बुडवायची. वहीत आजोबांच्या शेवटच्या ओळीखाली पुतणीनं लिहिलं: "होडी बुडवली. आठ दिवस. (काकानं उशीर केला.)"

तिथेच पान उलटताना तिला एक ओळ सापडली, मे महिन्याची नव्हती म्हणून आधी नजरेतून सुटलेली. "डावं वल्हं मोडलं. नवं केलं. लाकूड कमी पडलं."

आत्याला वाचून दाखवली. म्हणाली, "मग? चालवलं की त्यांनी."

नवं वल्हं: २१८ सेंमी. पुढच्या वर्षी. लाकूड आधी मोजून घेणे.

आखूड वल्हं मोडीत काढायचं नाही. आत्यानं ते घरात नेऊन दारामागे उभं केलं आहे.